मिनर्व्हाचा मुक्काम

भरतीच्या वेळी मिनर्व्हा दिसत नाही. नकाशावर ती असते, जीपीएसही तीच जागा दाखवतं, पण समोर नुसतं पाणी पसरलेलं असतं आणि भर समुद्रात एका रेषेवर लाटा फुटत असतात. ओहोटी लागली की तपकिरी खडकाची कड हळूहळू वर येते, जेमतेम हात-दीड हात, आणि लांबच लांब वळत जाऊन जवळजवळ स्वतःलाच येऊन मिळते. झाड नाही, माती नाही, गोडं पाणी नाही. शाळेच्या भूगोलात कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणून पाठ केलं होतं ते हेच, फक्त त्यातलं द्वीप वजा केलेलं.

टोंगाच्या राजधानीपासून, नुकुआलोफापासून, नैर्ऋत्येला सुमारे २५० सागरी मैलांवर, मकरवृत्ताच्या किंचित दक्षिणेला हे खडक आहेत. उत्तर मिनर्व्हा बरीचशी गोल, पाच-सहा किलोमीटर व्यासाची. दक्षिण मिनर्व्हा दोन कडी एकमेकांना चिकटल्यासारखी. टोंगाचे लोक त्यांना तेलेकी तोकेलाऊ आणि तेलेकी टोंगा म्हणतात. मिनर्व्हा हे नाव १८२९ साली इथे फुटलेल्या एका जहाजाचं. देवमाशांच्या शिकारीला निघालेलं ते जहाज इथून पुढे गेलंच नाही.

अशी कडी तयार कशी होतात याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ सालच्या आपल्या पुस्तकात दिलं. समुद्रातला ज्वालामुखी विझतो आणि स्वतःच्या वजनाने लाखो वर्षं खचत जातो. त्याच्या अंगाला धरून वाढणाऱ्या प्रवाळाला जगायचं तर उजेडात राहावं लागतं, म्हणून डोंगर जितका खाली जाईल तितकं ते वर चढतं. शेवटी डोंगर बुडतो आणि त्याच्या कमरेभोवतीचं कडं तेवढं पाण्याच्या पातळीशी राहतं. मिनर्व्हावर नांगर टाकताना आपण एका बुडालेल्या डोंगराच्या माथ्यावर उभे आहोत, हे मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. भोवती शेकडो मैल पाणी, आणि त्यात एवढीच एक जागा जिथे नांगराला धरायला काही सापडतं.

आम्ही दोघं टोंगाहून घरी निघालो होतो. घर म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तरेचं वांगारे. माझं माहेर देवगडचं, नवरा पुण्याचा, पण नोकऱ्या इथे झाल्या, मुलं इथे वाढली आणि निवृत्तीआधी कधीतरी घेतलेली ही जुनी छत्तीस फुटी शिडाची बोटही इथलीच. हिवाळा उबदार पाण्यात काढायचा आणि चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास दक्षिणेला परतायचं, हा इथल्या शिडाच्या बोटींचा जुना क्रम आहे. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. ऑक्टोबर सरला की टोंगा-फिजीच्या बंदरांतल्या गप्पांचा विषय एकच उरतो: निघायचं कधी?

देवगडात लहानपण गेलेल्या माणसाला हे नवं वाटत नाही. मृग लागायच्या आधी होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात लोटायच्या नाहीत. माझे वडील तांडेल होते. समुद्र कधी आपला आणि कधी आपला नाही, हे वेळापत्रक आमच्या घरात कॅलेंडराच्या आधी कळत असे. विजयदुर्गापासून समुद्रात शंभरएक किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळाचा एक मोठा उंचवटा आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथाही पृष्ठभागापासून वीसेक मीटर खोल असतो. बाबा तिथवर कधी गेले नाहीत, पण भर समुद्रात तळ एकदम वर येतो अशी एक जागा आहे हे ते मला सांगायचे. मिनर्व्हाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांचा तो आवाज आठवला होता.

कड्यात शिरायचं ते उत्तर मिनर्व्हाच्या वायव्येकडच्या खिंडीतून, आणि उन्हं वर असतानाच. सूर्य डोक्यावर असला की पाण्याचे रंग खोली सांगतात. गडद निळं म्हणजे खोल, पोपटी म्हणजे उथळ वाळू, आणि पिवळसर तपकिरी दिसलं की तिथे जायचं नाही. मी पुढच्या टोकाला दोरखंड धरून उभी होते, नवरा सुकाणूवर. आम्ही ओरडत नाही. वाऱ्यात ओरडलेलं अर्धंच पोचतं आणि अर्धं ऐकलेलं घात करतं. मी हात डावीकडे केला की तो डावीकडे, मूठ मिटली की सावकाश. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, बोट ओहोटीच्या ओढीविरुद्ध रेटत असते, आणि मग एका क्षणी खालचा हेलकावा संपतो. बाहेर समुद्र तसाच असतो. आवाज तसाच, वारा तसाच. फक्त लाट कड्यावर अडते आणि आतलं पाणी वाऱ्याने शिरशिरतं तेवढंच. दहा-बारा मीटरवर वाळूचा तळ मिळाला, नांगर पडला, साखळी ताणली गेली, आणि टोंगा सोडल्यापासून पहिल्यांदा चहाचा कप ठेवलेल्या जागी राहिला.

किनारा दिसत नाही अशा जागी नांगर टाकून उभं राहणं फार विलक्षण असतं. चारी बाजूंना क्षितिज आहे आणि तुम्ही थांबलेले आहात.

लोक विचारतात, भर समुद्रात थांबायचं तरी कशाला? याचं शहाणं उत्तर हवामानाचं आहे. मिनर्व्हापासून न्यूझीलंडच्या ओपुआ बंदराचं अंतर सुमारे ८०० सागरी मैल. आमच्या बोटीच्या चालीने आठवडा किंवा त्याहून थोडं जास्त. तेवढ्या काळात टास्मान समुद्रावरून जास्त दाबाचा एक पट्टा पूर्वेला सरकून जातो आणि त्याच्या मागोमाग कमी दाब येतो. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे शाळेत शिकलेलं सगळं आरशात धरायचं. जास्त दाबाचा पट्टा नैर्ऋत्येला असेल तेव्हा आग्नेय वारे, तो पुढे सरकला की ईशान्य, मग उत्तर, मग वायव्य, आणि शेवटी थंड हवेची आघाडी येऊन थडकली की एकदम नैर्ऋत्येचा थंडगार, अगदी तोंडावरचा वारा. ही आघाडी न्यूझीलंडच्या जवळ गाठ पडणार हे जवळजवळ ठरलेलं. ती हलकी असावी, आणि किनाऱ्याजवळ घोर वादळाची गाठ पडू नये, म्हणून टोंगातून आठवडाभर पुढचा अंदाज बांधण्यापेक्षा अडीचशे मैल पुढे येऊन मिनर्व्हात वाट पाहणं बरं. दोन-तीन दिवस इकडेतिकडे झाले तरी पुढचा हिशेब बदलतो.

१९९४ च्या जूनमधलं वादळ इथले लोक विसरलेले नाहीत. न्यूझीलंडहून टोंगाला निघालेल्या शिडाच्या बोटी त्यात सापडल्या. एकवीस माणसांना वाचवलं गेलं. तीन जणांची एक बोट परत आली नाही. त्या बोटींवरची माणसं बेफिकीर नव्हती; समुद्रावरचा अंदाज हा अंदाजच असतो. म्हणून आमच्यात एक नियम आहे: निघायला दोघांचा होकार लागतो, थांबायला एकाचा पुरतो. मिनर्व्हात नवऱ्याला एक सकाळ निघण्याजोगी वाटली, मला वाटली नाही. नकाशावर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत एक कमी दाब तयार होत होता आणि तो कुठे वळेल याबद्दल दोन वेगवेगळी मॉडेलं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. तो म्हणाला, “बरं, उद्या पुन्हा पाहू.” एवढंच. या एका वाक्यासाठी मी त्याच्याबरोबर कुठल्याही समुद्रावर जाईन.

पण हवामान हे शहाणं उत्तर झालं. माझं खरं उत्तर वेगळं आहे.

दोघांच्याच बोटीवर दोघं कधी एकत्र नसतात. तीन तास त्याची पाळी, तीन तास माझी, रात्रंदिवस. एक जागा असतो तेव्हा दुसऱ्याने झोपायचं असतं. ती चैन नाही, काम आहे. संसार इतकी वर्षं झालेला, पण प्रवासात आमची भेट होते ती पाळी बदलताना, पाचेक मिनिटं, अर्धवट अंधारात. “पश्चिमेला एक मालवाहू जहाज आहे, पाच मैलांवरून जाईल. वारा अठरा नॉट, जरा चढतोय. पुढचं शीड मी थोडं गुंडाळलंय. चहा थर्मासात आहे.” एवढं बोलून तो खाली जातो आणि त्याने ऊबदार केलेलं जॅकेट माझ्या अंगावर येतं. मला कुणी विचारलं की नवरा-बायकोचं बोलणं कसं असावं, तर मी हेच सांगेन. दुसऱ्याने पुढचे तीन तास नीट काढावेत यासाठी जे लागतं ते सगळं त्यात आहे आणि बाकी काही नाही.

खाली झोपलेल्या माणसाचा कान मात्र झोपत नाही. जाग आली की डोळे उघडण्याआधी मी ऐकते. वर पाऊल वाजलं का? दोर ओढायच्या चक्राची करकर आली का? खोकला? त्यांतलं काही ऐकू आलं की पुन्हा डोळा लागतो. कारण पाळीवरचा माणूस पाण्यात पडला तर झोपलेल्याला कळेपर्यंत बोट कितीतरी पुढे गेलेली असेल. म्हणून अंधारात कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय वर बसायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय डोलकाठीपर्यंत जायचं नाही, कितीही क्षुल्लक काम असो. हे आम्ही एकमेकांना वचन म्हणून दिलेलं आहे. मी शांत झोपते ती त्या वचनावर.

मिनर्व्हात पहिल्या रात्री आम्ही दोघं एकदम आडवे झालो. नांगर सरकला तर वाजेल असा इशारा लावला होता, डोलकाठीवर दिवा होता, आणि कुणी कुणासाठी जागं नव्हतं. भरती चढली तसं थोडं पाणी कड्यावरून आत यायला लागलं आणि बोट जरा डोलली. ओहोटीला पुन्हा थांबली. एवढ्या पाण्यात, कुठल्याही गावापासून इतक्या दूर, दोन माणसांना एकाच वेळी झोपता येण्यासाठी काय लागतं? फक्त लाट अडवणारी एक कड. जमीन लागत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्याच पाण्यात ज्यांना झोप मिळाली नाही त्यांचीही आठवण तिथे ठेवावी लागते.

जुलै १९६२ मध्ये तुआईकाएपाऊ नावाची एक लाकडी शिडाची बोट सतरा माणसं घेऊन नुकुआलोफाहून न्यूझीलंडला निघाली. आमचीच वाट. कप्तान होते टेविटा फिफिता. माणसांमध्ये न्यूझीलंडात सामने खेळायला निघालेले काही मुष्टियोद्धे होते. बोट दक्षिण मिनर्व्हावर आपटली आणि तुटली. त्याच कड्यावर आधी फुटलेल्या एका जपानी जहाजाचा सांगाडा उभा होता. सतरा जण त्याच्यात राहायला गेले आणि तीन महिने राहिले. मासे, शेवंडं, शिंपल्यांतलं मांस. पाण्यासाठी त्यांनी समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ धरायची सोय मोडक्या सामानातून केली. रोज प्रार्थना होत असे. कुणालाही ते जिवंत आहेत हे ठाऊक नव्हतं.

माणसं मरायला लागली तेव्हा फिफितांनी ठरवलं की मदत आपणच आणायची. हत्यारं नव्हती. तुटक्या बोटीच्या लाकडातून त्यांनी एक छोटी होडी उभी केली, आणि ते, त्यांचा मुलगा आणि जहाजावरचे सुतार असे तिघे फिजीकडे निघाले. आठवडाभराने कांडावू बेटापर्यंत पोचलेही. पण तिथे किनाऱ्यापुढच्या प्रवाळावर होडी उलटली आणि पोहत जाताना मुलगा बुडाला. बाकीचे दोघे जमिनीवर पोचले, निरोप पोचला आणि मिनर्व्हावर उरलेल्यांची सुटका झाली. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले लेखक ओलाफ रुहेन यांनी पुढच्याच वर्षी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं.

मी त्या कप्तानाचा फार विचार केला आहे. सतरा जणांची पाळी त्याच्यावर होती, आणि ती बदलायला कुणी नव्हतं. बाबांच्या होडीवर खलाशी आलटून पालटून कलंडायचे, तांडेल नाही. चार दिवसांच्या फेरीहून आले की ते जेवायच्या आधी झोपायचे, ओसरीवरच, आणि आई त्यांच्या उशाशी बसून राहायची, जणू आता जागं राहणं तिच्याकडे आलं आहे. त्या वयात मला वाटायचं, त्यांना फक्त दमायला झालंय. फिफिता तीन महिन्यांत किती झोपले असतील? आणि मुलगा गेल्यानंतर, पुढची सगळी वर्षं?

या सगळ्यापुढे १९७२ सालची गोष्ट मला फार छोटी वाटते. अमेरिकेतल्या एका श्रीमंत जमीनविक्या माणसाच्या मंडळींनी बोटींतून वाळू आणून खडकावर ओतली, झेंडा लावला आणि मिनर्व्हा प्रजासत्ताक जाहीर केलं. कर नाही, सरकारी हस्तक्षेप नाही असं राज्य म्हणे. टोंगाचे राजे तौफाआहाऊ टुपोऊ चौथे स्वतः तिथे गेले आणि जागेवर टोंगाचा हक्क बसवला. वाळू समुद्राने नेली. फिजीही या खडकांवर हक्क सांगते आणि वाद मिटलेला नाही. मला वाटतं, अर्धा दिवस पाण्याखाली जाणाऱ्या जागेवर हक्क सांगायचाच असेल तर तो आधी त्या सतरा जणांचा आहे.

मिनर्व्हाहून निघालो तेव्हा कड्यात थांबलेल्या इतर बोटींपैकी तीन आमच्याबरोबर निघाल्या आणि पहिल्या रात्रीनंतर कुणी कुणाला दिसलं नाही. पुढचा प्रवास मी लवकर सांगते, कारण तो चांगला झाला, आणि चांगल्या प्रवासात सांगण्यासारखं कमी असतं. पाणी रोज गार होत गेलं. उडते मासे डेकवर येईनासे झाले आणि एके सकाळी पहिला अल्बट्रॉस पंख न हलवता बोटीभोवती फिरून गेला. १८० रेखांश ओलांडला तेव्हा जीपीएसवर पश्चिमेच्या जागी पूर्व आलं, तारीख मात्र बदलली नाही, कारण टोंगा आणि न्यूझीलंड एकच तारीख पाळतात. रात्री माझ्या पाळीला पूर्वेला मृग उलटा टांगलेला असे, आग्नेयेला अगस्ती तळपत असे. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा, त्याच्या दिशेला तोंड करून मी तीन-तीन तास बसले. त्रिशंकू पहाटे वर यायचा, तो बहुतेक नवऱ्याच्या वाट्याला. आघाडी आली, पाऊस आला, वारा नैर्ऋत्येला फिरला, एक दिवस वाईट गेला. इतकंच.

मधल्या काळात आम्ही मटकी खात होतो. लांबच्या प्रवासात ताजी भाजी चार-पाच दिवसांत संपते, आणि मग ओल्या फडक्यात बांधलेल्या कडधान्यासारखं दुसरं काही नाही. ऊबदार केबिनमध्ये एका रात्रीत मोड येतात. आमच्या बोटीवर मूग, मटकी, मसूर भरपूर असतं, पण न्यूझीलंडची जैवसुरक्षा कडक आहे: मध नाही, अंडी नाहीत, ताजी फळं नाहीत, आणि मातीत पडून उगवेल असं बीसुद्धा नाही. मला हा नियम मनापासून पटतो. बेटांवरची झाडं-पाखरं बाहेरून आलेल्या एका बियाने, एका किड्याने कायमची जाऊ शकतात. या देशाने ते सोसलं आहे. तेव्हा शेवटचे दिवस सकाळ-संध्याकाळ उसळ होती, कधी कांदा घालून, कांदा संपल्यावर नुसती. तरीही एक डबा उरला. तो ओपुआच्या धक्क्यावर अधिकारीबाईंच्या हाती दिला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, हे शिजवतात कसं ते विचारलं आणि पिशवीत टाकला.

ओपुआ बे ऑफ आयलंड्समध्ये आहे, आणि जवळच वैतांगी. १९८५ साली होकुलेआ ही हवाईची जोडहोडी रारोटोंगाहून तिथे आली होती, होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून आणि लाटांवरून वाट काढत. माओरींचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी याच समुद्रातून इथे पोचले होते. त्या खाडीत शिरताना आपण फार जुन्या रस्त्याने आलो आहोत ही जाणीव होते, आणि मला तिचा आधार वाटतो. हिरवे डोंगर, ओल्या मातीचा वास, धक्क्यावरचे दोर झेलणारे हात.

कागदपत्रं झाली आणि मी देवगडला फोन लावला. इथे संध्याकाळ, तिथे दुपारची जेवणं व्हायची होती. आईला आम्ही कुठून निघालो आणि कधी पोचणार हे ठाऊक होतं, मधलं नव्हतं.

“वाटेत खंय थांबलात?”

“मिनर्व्हार. भर दर्यात गोल खडक आसा.”

“थंय कोण रवता?”

“कोण नाय.”

“मगे थांबलात कित्याक?”

“झोपाक. दोघांनी एकदम झोपाक.”

माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती हसली. मग म्हणाली, “तुझ्या बापाशीक असो एक खडक गावाक होयो होतो.”